मदत हवी आहे: विधवा प्रथांच्या नोंदी कशा ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,
आम्ही कोल्हापुरातल्या पाचजणी, सुट्टीच्या दिवशी करवीर तालुक्यातल्या दोन गावांत फिरतोय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रकही निघालं. मग गावोगावी ठराव झाले. पुढं घराघरांत काय झालं, ते आम्हाला लिहून काढायचंय. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला तर ठरावाची झेरॉक्स हातात आली. बस्स.

अडचण अशी. एका घरी सासूसमोरच विचारलं, "बांगड्या कुणी काढल्या?" बाई म्हणाल्या, "माझ्या मीच उतरवल्या." वहीत तसं लिहिलं. आठवड्यानं त्याच बाई डेअरीवर दूध घालताना भेटल्या. किटली खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "मीच उतरवल्या खऱ्या, पण चुलतसासू दगड घेऊन पुढ्यात बसली हुती." आता खरं कुठलं धरायचं? पहिलं खोडायचं का?

दुसरं, आमच्याकडूनच एक घोळ झाला. वहीच्या एका पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. नाव नव्हतं, पण 'नवरा ट्रॅक्टरखाली गेला' एवढं होतं. गावाला तेवढं पुरलं. दिरानं घरी तमाशा केला, आणि त्या बाई आता आम्हाला दारात उभ्या करत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे. पण नावं वगळून ग्रामसभेत वाचलं की "ऐकीव गप्पा" म्हणून उडवून लावतात. काय करावं?

प्रतिसाद १
खोडू नका. दोन्ही लिहा, तारखेसह, आणि समोर कोण बसलं होतं तेही. हा फरक हीच तुमची सगळ्यात मोलाची नोंद आहे. 'कुणी काढल्या' ऐवजी 'त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं' असं विचारा, बाया आपोआप बोलतात. नावांची यादी वेगळ्या वहीत, एकीच्याच कपाटात. ग्रामसभेत एकटीची गोष्ट वाचूच नका, किती घरांत काय झालं तेवढंच सांगा. आणि वारसनोंदीचा रकाना घाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बायको पहिल्या वर्गाची वारस आहे. सातबारावर तिचं नाव लागलं का, ते ऑनलाइन बघता येतं. नसेल तर तलाठ्याकडं गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, बघायला मागा. तिथं ऐकीव काही नसतं.

धागाकर्ती
वारसनोंदीचं डोक्यातच आलं नव्हतं! रविवारी जातोय. त्या दारात उभ्या न करणाऱ्या बाईंचं पान मात्र आधी त्यांना विचारून, हवं तर त्यांच्यासमोरच फाडणार. चालेल ना?