आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं: मुलांच्या हातून काय करवून घेऊ?

नाशिकची_लेक

नमस्कार मंडळी. 18 मेला माझ्या आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं पूर्ण होतात. आम्ही नाशिकला, ते देवरूखला. सुट्टी लागली की मुलांना घेऊन आठवडाभर आधीच जाणार आहे. मोठी 10 वर्षांची, धाकटा 6. दोघांनी जाहीर केलंय की यंदाची भेट आमची आम्ही करणार, आईने हात लावायचा नाही.

मलाही हेच हवंय. बाबांच्या पंच्याहत्तरीला आम्ही चांगली महागातली फोटोफ्रेम नेली होती. ती अजून खोक्यासकट कपाटात आहे. धाकट्याने त्याच दिवशी वहीच्या पानावर बाबांची सायकल काढून दिली होती. ते पान बाबांनी घडी करून पंचांगात खुणेला ठेवलंय, रोज सकाळी हातात येतं.

अडचणी सांगते. बाबांना वरखाली पूर्ण कवळी आहे. आईला बारा वर्षांपासून शुगर. धाकट्याला मी गॅसजवळ फिरकू देत नाही, मोठी मी शेजारी असले तर फोडणीपुरती उभी राहते. त्या दिवशी घरात माणसं 14. नेटवर शोधलं तर सगळीकडे ओव्हन, चॉकलेटचे साचे आणि ग्लिटर. देवरूखच्या घरात ओव्हन नाही. पाटा-वरवंटा आहे, खलबत्ता आहे, मागे मोगरा आहे.

पाहुण्यांना खायला एक आणि दोघांना हातात द्यायला एखादी वस्तू, असं सुचवाल का?

पुण्याचा_मामा

मुखवास! आमच्या भाच्यांनी दिवाळीत केला होता. वाटीभर बडीशेप, अर्धी वाटी तीळ, पाव वाटी जवस, चमचाभर ओवा. लिंबू आणि सैंधव चोळून तासभर ठेवायचं काम मुलांचं, भाजायचं काम मोठ्यांचं. काचेच्या बरणीला मुलांनी चिठ्ठी चिकटवायची. साखर अजिबात नाही, त्यामुळे आईंनाही चालेल.

सावंतवाडीची_काकू

मामा, मुखवास छान, पण कवळीवाल्या माणसाला देऊ नका. तीळ आणि जवस कवळीखाली जाऊन बसतात, हिरडीला टोचत राहतात. माझ्या सासऱ्यांना एका तिळापायी जेवण सोडून उठताना पाहिलंय. आईंसाठी वेगळी छोटी बरणी करा.

ताई, मी 28 वर्षं बालवाडी चालवली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

खायला दडपे पोहे करा. मुलांसाठी यापेक्षा चांगला पदार्थ मला माहीत नाही, कारण यात मुख्य काम हातांनी चुरायचं आहे. 14 माणसांना पातळ पोहे साधारण अर्धा ते पाऊण किलो घ्या. धाकट्याला परातीत दोन नारळांचं खवलेलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मीठ, साखर आणि लिंबाचा रस घालून द्या आणि सांगा, हाताला ओलं लागेपर्यंत चुरायचं. मीठ लागलं की कांद्याला पाणी सुटतं, खोबऱ्याचं दूध सुटतं, आणि त्याच ओलाव्यात पोहे भिजतात. पोहे धुवायचे नाहीत. कोरडे वाटले तर शहाळ्याचं किंवा नारळाचं पाणी शिंपडा. मग ताट झाकून वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचा, अर्धा तास दडपून. वाढायच्या आधी कोथिंबीर, किसलेली काकडी. फोडणी हिंग, मोहरी, हळद, मिरचीची. ती तुम्ही आणि मोठीने मिळून घाला. दाणे फोडणीत नको, ते वेगळ्या वाटीत ठेवा म्हणजे बाबांचे पोहे मऊच राहतील.

बाबांसाठी दाण्याच्या कुटाचे लाडू. दोन वाट्या शेंगदाणे भाजून गार झाले की मुलांना अंगणात बसवा, तळव्यात चोळून सालं काढू द्या, फुंकर मारू द्या. बालवाडीत हे काम सुरू झालं की कोणी कोणाशी भांडत नसे. मग खलबत्त्यात कुटायचं, अगदी बारीक, एकही कणी दाताखाली येता कामा नये. वाटीभर चिरलेला गूळ आणि वेलदोडा घालून पुन्हा कुटायचं. कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं आणि गोळा धरतो. नाहीच धरला तर चमचाभर तूप.

सहा वर्षांच्या हातून गोल लाडू वळत नाही, त्याचा मुटका होतो. होऊ द्या. माझ्या मुलाने पहिल्यांदा केले तेव्हा प्रत्येक मुटक्यावर त्याच्या चार बोटांच्या खाचा उमटल्या होत्या, करंगळीची खाच अगदी बारकी, तांदळाएवढी. पाहुणे येणार म्हणून मी ते परत वळायला घेतले, तर सासूबाईंनी ताटली माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, "ह्यो माज्या नातवाचो मुटको." खाचेवरून अंगठा फिरवत बसल्या होत्या. तेव्हापासून मुलांनी वळलेलं मी कधी नीट केलं नाही.

आईंना वळेसार, म्हणजे दोऱ्याच्या गाठींनी गुंफलेला गजरा. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी, उमलायच्या आधी काढायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या. सुई नको. दोन कळ्या इकडे तोंड करून, दोन तिकडे, मधून ओल्या दोऱ्याची गाठ. केळीचं सोपट मिळालं तर दोऱ्यापेक्षा चांगलं, देठ कापले जात नाहीत. मोठीला एक दिवस आधी सराव करू द्या. पहिली वीतभर माळ सैल होणारच.

वस्तूचं एक सुचतंय. बाबा पत्ते खेळतात का? आमच्या सावंतवाडीचे गंजिफा गोल असतात, हाताने रंगवलेले. दशावताराच्या डावात दहा अवतारांचे बारा-बारा, असे 120 पत्ते. तेवढं नको. पुठ्ठ्यावर वाटी ठेवून 24 गोल कापा आणि घरातल्या बारा माणसांच्या जोड्या काढू द्या. पालथे मांडून जोड्या लावायच्या. पावसाळ्यात दुपारी दोघं खेळतील.

मुलुंडकर_स्नेहा

काकू, गुळाचे असल्यामुळे लाडू आईंनाही चालतील ना? साखर नाहीये त्यात.

सावंतवाडीची_काकू

नाही हो. गुळानेही शुगर वाढते, खजुरानेही. शुगर असलेल्या माणसासमोर "गुळाचंच आहे" म्हणून आग्रह केला की त्यांना नाही म्हणणं जड जातं, आणि नातवंडांनी आग्रह केला तर फारच. म्हणून तर त्यांना माळ सुचवली.

औषधवाली_ताई

माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून वेगळंच सुचवते. 75च्या पुढच्या बऱ्याच माणसांना सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही. मुलांना 14 रिकाम्या काडेपेट्या द्या. सात-सातच्या दोन रांगा एकमेकांना चिकटवायच्या, बाहेरून जाड कागद, प्रत्येक खणाला ओढायला शर्टाचं जुनं बटण शिवायचं. वरच्या रांगेवर सूर्य, खालच्या रांगेवर चंद्र, खाली वार मोठ्या अक्षरात. दोन गोष्टी सांभाळा: गोळ्या पट्टीतून सोडून ठेवू नका, दमट हवेत खराब होतात, पट्टीचा एकेका गोळीचा तुकडा कापून ठेवा. आणि खण मोठ्या माणसानेच भरायचे, मुलांनी नाही.

नाशिकची_लेक

औषधवाली ताई, तुमचं वाचून मी उठून बसले. बाबा पट्टी खिडकीच्या उजेडात धरून "ही सकाळची की रात्रीची" असं आईला विचारतात, हे मी दर खेपेला पाहते. पण त्यावर काही करता येईल असं मनातच आलं नव्हतं. काडेपेट्या जमवायला सुरुवात केली. दोन शेजारणींनी देवघरातल्या दिल्या.

नाशिकची_लेक (21 मे)

काल रात्री परतलो. सगळ्यांना सांगायचं म्हणून लिहिते.

दडपे पोह्यांत धाकट्याने मीठ दोनदा घातलं, एकदा स्वतःहून आणि एकदा ताईने सांगितलं म्हणून. अजून एक नारळ आणि दोन मुठी पोहे वाढवले, निभावलं. परात रिकामी झाली. मावशीने कृती धाकट्यालाच विचारली आणि त्याने चुरण्यापासून तांब्यापर्यंत सगळी सांगितली.

मुटके 17 झाले. काकू, मी एकालाही हात लावला नाही. बाबा कवळीने हळूहळू खात होते, आणि मला म्हणाले, "तुझी आजी असेच करायची." मला हे माहीतच नव्हतं.

आईने माळ रात्री काढून पाण्याच्या वाटीत ठेवली, सकाळी पुन्हा माळली. पत्ते अर्धेच झालेत, बारापैकी सहा माणसं. उरलेली मोठी इथून काढून पाठवणार आहे.

काडेपेट्यांचं कपाट बाबांनी पंचांगाशेजारी ठेवलंय. पहिल्या आठवड्याचे खण मी आणि आईने बसून भरले. आज सकाळी त्यांचा फोन आला, माझ्याशी नाही, धाकट्याशी: "गुरुवारचा सूर्य उघडला रे." शनिवारच्या चंद्राचं बटण मात्र निघालंय. गणपतीत जाऊ तेव्हा धाकटा बसवणार आहे. सुई-दोरा त्याने आत्ताच दप्तराच्या खिशात ठेवला होता, तो मी काढून डब्यात ठेवलाय.