शब्दच नसलेलं बुद्धिबळाचं मासिक?

माळ्यावरचा: मामाच्या माळ्यावर आठ जाडजूड पुस्तकं सापडली, अंक 37 ते 44. वर 'इन्फॉर्मंट' लिहिलंय. आत नुसते डाव, चिमुकले घोडे-उंट आणि चिन्हं. वाक्य म्हणून एक नाही. मामा गेला, विचारणार कोणाला? हे नेमकं आहे काय?

एफ-सिक्स: बेलग्रेडचं आहे. आता संगणकावर सगळे डाव फुकट मिळतात. रद्दीत मात्र घालू नका.

पी-के-फोर: रद्दीचं नाव काढू नका हो! ग्रँडमास्टर मातानोविच यांनी 1966 साली बेलग्रेडला हे सुरू केलं. मूळ नाव 'शाहोव्स्की इन्फॉर्मातोर'. त्यातला 'शाह' म्हणजे आपल्या 'शह'चा सख्खा भाऊ, दोघेही फारसीतून आलेले. तेव्हा उत्तम विश्लेषण रशियन मासिकांत यायचं आणि ते आमच्यासारख्याला वाचता येत नसे. यांनी भाषाच काढून टाकली! अधिकाच्या खाली उणे म्हणजे पांढऱ्याचं पारडं जड. नुसता चौकोन म्हणजे ही एकच चाल, दुसरी केलीत तर मेलात. त्रिकोण म्हणजे 'या इराद्याने'. सुरुवातीच्या पानांवर बऱ्याच भाषांत अर्थ दिलेत, बघा.

तेव्हा वर्षाला दोन अंक निघायचे. त्या हिशेबाने तुमचा 37 म्हणजे 1984चा पूर्वार्ध आणि 44 म्हणजे 1987चा उत्तरार्ध. 40 आधी उघडा, कास्पारोव्हने कार्पोव्हकडून जगज्जेतेपद घेतलं तो हंगाम. डावाच्या डोक्यावर अक्षर आणि दोन आकडे दिसतील, तो डावाच्या सुरुवातीच्या चालींचा प्रकार. ए ते ई, प्रत्येकी शंभर, असे एकूण पाचशे. ती वर्गवारीही यांचीच, आज सगळं जग वापरतं.

आमच्या क्लबात एकच प्रत होती, ती चार दिवस घरी मिळायची. मी दोनशेपानी वहीत डाव उतरवून घ्यायचो. त्याआधी चाली लिहायची जुनी इंग्रजी 'पी-के-फोर' पद्धत विसरून घरांची नावं शिकावी लागली, त्यात पावसाळा गेला. उंट काढायला जमायचा नाही, माझा उंट नेहमी प्याद्यासारखाच दिसायचा. पाचव्या दिवशी पुढचा गडी दारात उभा! कास्पारोव्ह आपल्या पिढीला इन्फॉर्मंटची लेकरं म्हणतो. आम्ही कुठले तेवढे, पण दूरचे भाचे तरी असूच.

माळ्यावरचा: काका, 40 उघडला. एका चौकोनाशेजारी मामाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय आणि समासात वेगळीच चाल लिहिलीय.

पी-के-फोर: म्हणजे मामांना 'एकच चाल' पटलेली दिसत नाही! पट काढा, मांडून बघा. संगणकाला नंतर विचारा.

माळ्यावरचा: मांडतो. 39ची शिवण मात्र सुटलीय, सेलोटेप लावू का?

पी-के-फोर: अजिबात नको, पिवळा पडून पान खातो. बाइंडरकडून शिवून घ्या. आणि समास कापू देऊ नका, पेन्सिल तिथेच आहे.