बहीण वाचली, मग तक्रार कशाची?

प्रश्न (राजापूर तालुका)

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी नालासोपाऱ्याहून माहेरी आली होती. आषाढातल्या एका रात्री इथल्या सरकारी रुग्णालयात मूल सुखरूप झाले, पण वार पडल्यानंतरही अंगावरून रक्त जाणे थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी रत्नागिरीला नेण्याची चिठ्ठी दिली. रुग्णवाहिका दुसरा रुग्ण घेऊन गेलेली होती, आणि बहिणीची नोंदणी इथली नसल्यामुळे गाडीचा खर्च आम्हालाच करावा लागेल, असे सांगण्यात आले. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीतून, सलाइनची बाटली हातात उंच धरून, भर पावसात आम्ही हातखंब्यापर्यंत आणि तिथून पुढे रत्नागिरीला पोहोचलो. रक्ताच्या दोन पिशव्यांचे पैसेही आम्हीच भरले.

बहीण वाचली. आता घरातील वडीलधारी माणसे म्हणतात की देवाने राखली, मग तक्रार कशाची? झाली ती केवळ गैरसोय होती, की तिचा हक्क डावलला गेला?

उत्तर १ (वकील, रत्नागिरी)

ताई, हक्क डावलला गेला आहे, आणि तो मृत्यू झाल्यावरच डावलला जातो असे नाही.

१ जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेणारे वाहन हे सर्व विनामूल्य आहे. नोंदणी कुठली, हा प्रश्न तर दिल्ली उच्च न्यायालयाने ४ जून २०१० रोजीच्या लक्ष्मी मंडल प्रकरणातच हाताळला होता. त्या प्रकरणातील एका गरीब गर्भवती स्त्रीची कागदपत्रांवरून अडवणूक झाली होती. एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलेल्या स्त्रीचा लाभ तिच्याबरोबर गेला पाहिजे, आणि सुरक्षित मातृत्व हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, ही आपल्याकडची रीतच आहे. तिच्यासाठी हा मुद्दा किती मोलाचा आहे हे वेगळे सांगायला नको.

ब्राझीलमधील अलीने पिमेंटेल या गर्भवतीला मोठ्या रुग्णालयात हलवण्यासाठी रुग्णवाहिका मिळेना, त्यात कित्येक तास गेले आणि २००२ मध्ये तिचा मृत्यू झाला. त्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या महिला भेदभाव निर्मूलन समितीने २०११ मध्ये थेट राज्यसंस्थेलाच जबाबदार धरले. ज्या करारान्वये हा निर्णय झाला, त्याला भारताने १९९३ मध्येच मान्यता दिली आहे.

सर्वांना विनामूल्य सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. राज्य मानवी हक्क आयोगाकडे मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. उच्च न्यायालयात जायचेच ठरले, तर ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, त्यामुळे मुंबई गाठावी लागणार नाही.

उत्तर २ (निवृत्त परिचारिका, देवगड)

वकीलसाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु तक्रार कुणाविरुद्ध, हे नीट ठरवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव वेळेत आवरला नाही, तर धडधाकट बाई दोन तासांतही हातची जाऊ शकते. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे, गर्भाशय चोळायचे, मूत्राशय रिकामे करायचे, शिरेतून द्रव चालू ठेवायचा, एवढे लहान रुग्णालयात होते. पुढे रक्त लागते, भूलतज्ज्ञ लागतो, शस्त्रक्रियागृह लागते. ते जवळ नसेल तर रात्रपाळीची एकटी परिचारिका काय करणार? नातेवाइकांचा राग तिच्यावर निघतो, आणि रिक्त पदे तशीच राहतात. हक्काची भाषा मला पटते ती एवढ्यासाठीच की ती जबाबदारी शासनापर्यंत नेते. सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, रत्नागिरीतून आंबा घाटाने कोल्हापूरला बाळंतिणी पाठवताना मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि पावसात घाटात दरड आली की चिठ्ठीला अर्थ उरत नाही.

गर्भारपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत त्या कारणाने बाई दगावली, तर मातामृत्यू म्हणून तिची चौकशी होते. तुमच्या बहिणीसारखी जी काठावरून परत येते, तिच्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही लिहिले नाही, तर त्या रात्री गाडी नव्हती हे कुठेच नोंदले जाणार नाही.

उत्तर ३ (आशा कार्यकर्ती, गुहागर तालुका)

ताई, आधी कागद गोळा करा. दोन्ही रुग्णालयांकडे उपचारांच्या नोंदींच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या; वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. रक्ताची पावती फेकू नका. अर्जाची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या, आणि त्यात पैसे परत मिळण्यासोबत रात्रीच्या वेळी पर्यायी वाहनाची सोय करण्याची मागणी अवश्य लिहा, कारण पुढची बाळंतीण आमच्याच वाडीतली असेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा तिघांची मी ऋणी आहे. पावती सापडली. बहिणीला हे सारे वाचून दाखवले. अर्ज स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने करायचा असे ती म्हणाली, म्हणून आईनेही आता विरोध सोडला आहे. रत्नागिरीला नेण्याची चिठ्ठीही काढून पाहिली. तिच्यावर तारीख आहे, शिक्का आहे, पण वेळ लिहिलेली नाही. अर्जात पहिली मागणी त्या वेळेचीच करणार आहोत.