स्ट्रिंग ऑफ पर्ल्सला वरून टक्कल पडतंय, काय करू?

गॅलरीतली_बाग: नमस्कार मंडळी, पुण्यात असते. स्ट्रिंग ऑफ पर्ल्सची (मोत्यांच्या माळांसारखी लोंबणारी वेल) हँगिंग कुंडी उन्हाळाभर झकास होती पण पाऊस लागल्यापासून कुंडीच्या तोंडाशी असलेले मोती, म्हणजे तिची गोल पानं, पाणचट होऊन गळतायत, बोटात धरले की पचकन फुटतात, खाली लोंबणाऱ्या माळा मात्र अजून हिरव्यागार. पाणी आठवड्यातून एकदाच देते. सक्युलंट (पानांत पाणी साठवणारी) आहे म्हणजे कडक उन्हात हलवू का? आणि मांजर माळांशी खेळते, ते चालेल ना?

माती_कुंडी: ताई, कुजतंय ते. नर्सरीवाले निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) देतात, ते वरून कोरडं दिसतं आणि आत ओलंगच्च असतं. पावसाळ्यात आठवड्याचा हिशोब सोडा, मोती जरा सुरकुतले की मगच पाणी. आधी ती कुंडी पावसाच्या झडीतून आत घ्या!

सक्युलंटवेडा: कडक ऊन अजिबात नको. ही मूळची दक्षिण आफ्रिकेची, ईस्टर्न केपकडची, आणि तिथे ती लोंबत नाही, झुडपांच्या नि दगडांच्या आडोशाला जमिनीवर पसरते आणि जिथे पेर मातीला टेकेल तिथे मुळं धरते. त्यामुळे हिचं सगळं बळ कुंडीच्या तोंडाशी असलेल्या वरच्या गोल भागात, तिथे उजेड पोचला पाहिजे, आपण छताला चिकटवून टांगतो आणि नेमका तोच भाग अंधारात जातो. मोती नीट बघा, प्रत्येकावर एक गडद, काचेसारखी उभी रेघ दिसेल, उजेड आत घ्यायची खिडकीच आहे ती. खालच्या चांगल्या माळा कापा, जाड वाळू, पर्लाइट (हलके पांढरे खडे) आणि थोडी माती अशा मिश्रणावर वेटोळं करून नुसत्या ठेवा, पुरू नका. शेवंतीच्याच कुळातली आहे, पांढरी फुलं आली तर वास घेऊन बघा, दालचिनीसारखा येतो, फार सुंदर! जुन्या पुस्तकात शास्त्रीय नाव सेनेसिओ म्हणून सापडेल, आता क्युरिओ रोलेयानस म्हणतात.

मनीमाऊ: मांजरीचं कुणीच बोललं नाही!! विषारी आहे हो ही, पोटात गेली तर उलट्या, लाळ गळणं, मलूल होणं. तिची उडी पोचणार नाही अशा जागी हलवा आणि खाल्ल्याची शंका जरी आली तरी लगेच डॉक्टरकडे न्या. चीक अंगाला लागला तर काहींना खाज सुटते.

गॅलरीतली_बाग: बापरे, आधी मांजरीचं बघते. माळा कापल्या कापल्या लावायच्या का?

सक्युलंटवेडा: नाही, एक-दोन दिवस सावलीत पडू द्या, काप सुकला की मग. मुळं धरेपर्यंत अधूनमधून हलकं पाणी शिंपडा, पुरे.