मदत हवी आहे : गणिताची घरगुती शिकवणी, मुलं सहा आणि इयत्ता चार वेगवेगळ्या

मूळ धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

इंदूरला सुदामा नगरात राहते. संध्याकाळी घरीच लहान मुलांना गणित शिकवते. क्लास म्हणावा असं काही नाही. टीपॉय भिंतीला सरकवायचा, सतरंजी अंथरायची, झाला वर्ग. मुलं सहा आहेत आणि सातवं घ्यायचं नाही हे ठरलेलं आहे. प्रत्येकाच्या वहीत डोकावता आलं नाही तर शाळेत आणि माझ्याकडे फरक काय राहिला?

दुसरीत एक, तिसरीत दोघी, चौथीत दोघं, पाचवीत एक. सगळी इंग्रजी माध्यमाची. चौघांच्या घरी मराठी, दोघांच्या घरी हिंदी. पाचवीतला एमपी बोर्डाच्या शाळेत आहे, त्याला वर्षअखेर बोर्डाच्या धर्तीवर पेपर आहे, म्हणून त्याच्या आईला आत्तापासूनच झोप नाही. बाकीचे सीबीएसईचे. तिसरी, चौथी, पाचवीची एनसीईआरटीची पुस्तकं 2024 आणि 2025 मध्ये बदलली, त्यामुळे थोरल्या भावंडांची पुस्तकं आणि गाइडं काही कामाची नाहीत. नवी पुस्तकं मला आवडली. पालकांना मात्र त्यात ‘गणितं कमी आणि चित्रं फार’ वाटतात.

आता अडचण. चौथीतला एक जण पंधरापर्यंतचे पाढे धडाधड म्हणतो. त्याला 402 − 167 घातलं. उत्तर आलं 365. परत कर म्हटलं, परत 365, आणि चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नाही. बघितलं तर प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढलेला : सातातून दोन गेले पाच, सहातून शून्य गेलं सहा, चारातून एक गेला तीन. वर असो की खाली, मोठा तो मोठा. त्याच्या हिशोबात काहीच चुकलेलं नाही.

तिसरीतल्या एकीला 14 चिंचोके मोजायला दिले. बरोबर मोजले, आकडाही सुंदर काढला. मग आकड्यातल्या 4 वर बोट ठेवून म्हटलं, याच्या वाटचे चिंचोके दाखव. चार काढले. आता या 1 च्या वाटचे? तिने एक चिंचोका उचलून माझ्या हातावर ठेवला. उरलेले नऊ कुणाचे, असं विचारल्यावर म्हणाली, “ते एक्स्ट्रा आहेत.”

तिसरीतलीच दुसरी अॅबॅकसला जाते. 38 आणि 47 ची बेरीज हवेत बोटं नाचवून माझ्याआधी सांगते. पण ‘लाल डब्यात 24 लाडू आहेत, ते निळ्या डब्यापेक्षा 6 ने जास्त आहेत, तर निळ्या डब्यात किती?’ असं विचारलं की 30. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. वाक्य वाचतच नाही, शब्द हुडकते.

बाकीच्या तिघांचं ठीक चाललंय. दुसरीतला तर इतका चलाख आहे की चौथीवाल्याच्या वहीत नाक खुपसून उत्तर सांगतो, आणि मग भांडण.

वेळ मिळतो सव्वा तास. त्यातला निम्म्याहून जास्त गृहपाठ खातो. एखाद्या दिवशी गृहपाठ बाजूला ठेवून चिंचोके काढले की रात्री मेसेज येतो, “मॅडम, आज का पेज रह गया.”

तर विचारायचं हे की गट इयत्तेप्रमाणे करावे की जो जिथे अडलाय त्याप्रमाणे? चौथीतल्याला तिसरीतलीशेजारी बसवलं तर त्याचा अपमान होईल का? गृहपाठाचं काय करावं? आणि वेगळाच एक प्रश्न : समोरच्या घरातली ताई एका खासगी शाळेत शिकवते, ती म्हणतेय आपण दोघी मिळून घेऊ. पण वरच्या मजल्यावरचे काका सांगतात की आता सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शिकवण्यांवर सरकारने बंदी आणली आहे. खरं आहे का हे?

वर्कशीटच्या पीडीएफ कृपया पाठवू नका. माझ्याकडे ढीग आहे.

गणितवेडी

ताई, तुम्ही चिंचोके मोजायला दिलेत तिथेच निम्मं काम झालं. बहुतेक जण वही तपासतात, मुलाला विचारत नाहीत.

गट इयत्तेने करू नका. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेचं बरंच काम याच तत्त्वावर उभं आहे, मूल कोणत्या वर्गात आहे ते न बघता त्याला काय येतं ते बघून बसवायचं. त्यांच्या ‘असर’ पाहणीत 2005 पासून जी गणिताची चाचणी वापरतात ती एका पानाची आहे आणि हिंदी-मराठीत सहज मिळते : 1 ते 9 अंक ओळखणं, मग दोन अंकी संख्या, मग दोन अंकी हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एकेकाला जवळ घेऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं घ्या. पाच-सात मिनिटांत कळतं. तुमच्याकडे बहुधा दोनच गट पडतील.

चौथीवाल्याच्या 365 बद्दल. त्याला ‘उसने घे’ म्हणून उपयोग नाही. 402 मध्ये दशकाच्या घरात शून्य आहे, तिथे उसनं मागायला गेलं तर तोच कंगाल, मग शेजारच्या शेजाऱ्याकडे जायचं, असलं नाटक मुलं पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात. नोटा घ्या. खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानांतून खेळण्यातल्या नोटांची गड्डी मिळेल, नाहीतर कागद कापा. शंभराच्या चार, दहाची एकही नाही, रुपयाची दोन नाणी. आता सांगा, मला 167 रुपये दे. तो आधी सात रुपये द्यायला जाईल आणि थांबेल. काही बोलू नका. थांबू द्या. ‘सुट्टे नाहीत’ हे त्याच्या तोंडून यायला हवं. मग तुम्ही बँक व्हा. शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली दहाची एक मोडून रुपयाची दहा नाणी. त्याच्यासमोर 3 शंभर, 9 दहा आणि 12 रुपये दिसतील. एकूण तेवढेच आहेत ना, हे त्याच्याकडून मोजून घ्या, ही पायरी गाळू नका. नंतर सात, साठ, शंभर उचलून द्यायचे. उरले 235.

हे बरेच दिवस नोटांनीच चालू द्या. मग नोटांशेजारी वही ठेवा : एक नोट मोडली की वहीत एक आकडा खोडायचा. त्यानंतर नोटा बाजूला. पालक घाई करतात ती नेमकी या मधल्या पायरीवर.

चिंचोकेवालीला नोटा आत्ता देऊ नका. दहाच्या एका नोटेत दहा दिसत नाहीत, ते मानावं लागतं. तिला आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड द्या. दहा झाल्या की गठ्ठा तिनेच बांधायचा, तयार गठ्ठे द्यायचे नाहीत. गणितमाळ असेल तर उत्तम, दहा-दहा मण्यांचे दोन रंग आलटून पालटून.

अॅबॅकसवालीला महिनाभर उत्तर विचारूच नका. लाडूंचं गणित वाचायचं आणि दोन पट्ट्या काढायच्या, लाल डब्याची आणि निळ्याची. कोणती लांब? बस. आकडे झाकून ठेवलेत तर आणखी बरं.

जुने_इंदूरकर

आमच्या वेळी ही नाटकं नव्हती. तिसाचे पाढे, वर अपूर्णांकांचे पाढे : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. संध्याकाळी शुभंकरोति झालं की ओटीवर बसून एका सुरात. मारोठिया बाजारातला वाणी पावणेतीन शेर डाळीचे पैसे तोंडी सांगायचा, त्याला कुणी काड्या दिल्या होत्या? पाठांतराला इतकं हसू नका.

गणितवेडी

काका, पाठांतराला कोण हसतंय? पाढे हवेतच. पण ताईंच्या चौथीवाल्याला पंधरापर्यंत येतात आणि तरी तो 402 मधून 167 काढून 365 सांगतोय. त्या वाण्याच्या हातात दिवसभर डाळ असायची, तराजू असायचा, समोर घासाघीस करणारं गिऱ्हाईक असायचं. त्याची पावकी त्या अनुभवावर बसली होती.

दिडकी मात्र शिकवाच, पाचवीवाल्याला अपूर्णांकांत उपयोगी पडेल. दीड आठे बारा म्हणता आलं की आठाच्या अर्ध्याची भीती जाते.

दोन_पोरांची_आई

मी पालकांच्या बाजूने लिहिते, रागावू नका ताई. वैशाली नगरात राहते, दोघी मुली शिकवणीला जातात. संध्याकाळी सात वाजता घरी आल्यावर गृहपाठ राहिलेला असला की तो माझ्या डोक्यावर बसतो. कुकर लावायचा, धाकटीला भरवायचं आणि थोरलीला रीग्रुपिंग, म्हणजे शाळेतलं हातचा-उसने, शिकवायचं! मला ‘उसने’ येतं, तिच्या वहीत काहीतरी वेगळेच चौकोन. शेवटी दोघी रडतो. त्या पेज रह गयावाल्या बाईंचं तुम्हाला हसू आलं असेल, मला नाही आलं.

तुम्ही गृहपाठ अजिबात घेत नाही म्हणालात तर मी मूल काढून घेईन, खरं सांगते. पण शेवटची पंचवीस मिनिटं गृहपाठ, तोही मूल स्वतः करेल तेवढाच, उरलेला वहीत खूण करून घरी, असं आधी सांगितलंत तर मी मान्य करेन. आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटं बोलावून दाखवा की पोर आधी काय करत होती आणि आता काय करते. टक्के नकोत, ती वजाबाकीच दाखवा. फी कशाची देतोय ते कळू दे.

काळा_कोट

वरच्या मजल्यावरच्या काकांनी अर्धवट ऐकलंय. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सोळा वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये असं आहे. पण कोचिंग सेंटर कशाला म्हणायचं तेही तिथेच लिहिलंय : पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांना शिकवणारं. तुमची सहा मुलं त्यात बसत नाहीत. शिवाय या सूचना आहेत, अंमल राज्यांनी करायचा.

अडचण तुमच्या शेजारणीची आहे. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 28 : कोणत्याही शिक्षकाने खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापन करू नये. शहरात किती जण पाळतात ते सोडा, कायदा तसा आहे. त्यांच्या नेमणूकपत्रातही बहुधा ती अट असेल. भागीदारी करायची तर आधी त्यांनी ते पत्र काढून वाचावं. तुम्ही स्वतः कोणत्या शाळेत नोकरीला नसाल तर तुम्हाला हे कलम लागत नाही.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काळा_कोट, मी कुठेही नोकरीला नाही. शेजारणीला तुमचं वाचून दाखवलं, ती म्हणाली राहू दे बाई.

दोन_पोरांची_आई, हसू नव्हतं आलं, चीड आली होती. आता जरा कमी झाली. पंचवीस मिनिटांचं पटलं. आधी शिकवणं आणि गृहपाठ शेवटी, हेही बरोबर, उलट केलं की शिकवणं उरतच नाही.

गणितवेडी, नोटा आणल्या. तो ‘सुट्टे नाहीत’ म्हणाला! पण पुढे गोंधळ झाला. त्याची आजी ‘हातचा’ आणि ‘उसने’ म्हणते, हिंदी घरातली मुलं ‘हासिल’ आणि ‘उधार’ म्हणतात, शाळेत ‘रीग्रुप’. सतरंजीवर एकाच वेळी तिन्ही चालू. मी काय म्हणावं? आणि चौथीवाल्याला तिसरीतलीबरोबर बसवायचं राहिलंच आहे, तो पटकन मनाला लावून घेतो.

गणितवेडी

सतरंजीवर ‘नोट मोडली’ आणि ‘गठ्ठा सोडला’ एवढंच म्हणा, तिन्ही घरांना कळतं. शाळेचा शब्द गृहपाठाच्या वेळी वापरा, कारण पेपरात तोच येणार. आजीला दुरुस्त करायला जाऊ नका, तो लढा आपण हरतो.

बसवायचं म्हणाल तर गटांना नावं किंवा नंबर देऊ नका. ‘आज नोटांवर कोण, काड्यांवर कोण’ असं रोज सांगा आणि अधूनमधून अदलाबदल करा. चौथीवाल्याला काड्यांच्या बाजूला बँक म्हणून बसवा, मागेल त्याला गठ्ठे सोडून द्यायचं काम. तो स्वतःच्या नकळत तेच शिकेल जे त्याला हवंय. दुसरीतल्या चलाखाला उत्तर सांगायची बंदी घाला, प्रश्न विचारायची मुभा द्या.

एक राहिलं. चिंचोकेवाली फळ्यावरून आकडे उतरवताना चुकते का बघा. तसं असेल तर आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. आणि दोन-तीन महिने काड्यांवर घालवूनही 6 मोठा की 9 यावर ती अडत असेल तर आईला शांतपणे सांगा की मुलांच्या तज्ज्ञाला दाखवा. इतक्यात मात्र तसलं काही नाव तोंडातून काढू नका, चिंचोका एक्स्ट्रा म्हणणारी पोरं पुष्कळ असतात.

दोन_पोरांची_आई

ताई, सुदामा नगर म्हणजे कोणता सेक्टर? सातवं घेत नाही म्हणालात ते वाचलंय, तरी विचारतेय. कुणी सोडलं तर कळवा.