स्पेल्टला खपली म्हणावं का?

भाषांतरी: एका जर्मन पाककृतीचा अनुवाद करतेय. तिथला 'डिंकेल', म्हणजे इंग्रजीतला स्पेल्ट, मी बेधडक 'खपली गहू' केला. संपादकबाईंनी लाल गोल काढलाय: 'खपली वेगळी.' पण कोथरूडमध्ये मी जिथून खपली घेते तिथल्या पाटीवर चक्क 'खपली / स्पेल्ट' लिहिलंय!

कृष्णाकाठ: बाई बरोबर, पाटी चूक. खपली म्हणजे एमर, गुणसूत्रं 28. स्पेल्टची 42, आपल्या रोजच्या गव्हाइतकीच. साम्य एवढंच, की मळणीनंतरही दोन्हींचं टरफल दाण्याला धरून राहतं. आमच्या सांगलीकडे खपलीची खीर करतात. गहू सडायचे, रात्रभर भिजवायचे, मग गूळ, खोबरं.

ठोकपीठ: इटलीत एमर, स्पेल्ट, आइनकॉर्न तिघांनाही 'फारो'च म्हणतात आणि सुखाने जेवतात. गुणसूत्रं मोजून कुणी शब्द वापरतं का?

भाषांतरी: पण वाचक खपलीचा पाव करायला बसला तर? वीट होईल त्याची. स्पेल्टची कणीक फार मळली तर तुटते, पण फुगते तरी.

शुद्धमती: 'तुसगहू' म्हणा. मराठीला शब्द घडवता येतात.

ठोकपीठ: तूस भाताचं असतं हो. तुसगहू दळायला नेला तर गिरणीवाला डबा परत देईल.

नवीपेठ: मधेच विचारते. खिरीचे गहू आधी *सडवायचे*??

कृष्णाकाठ: सडवायचे नाही, सडायचे! पाण्याचा हात लावून उखळात कांडायचे, म्हणजे साल निघते. हातसडीचा तांदूळ खाता ना?

नवीपेठ: अगं बाई. सासूबाईंनी फोनवर 'गहू सडलेस का गं?' विचारलं, तर मी म्हटलं, 'नाही हो, फ्रीजमध्ये आहेत.'

ठोकपीठ: 😂 'आईने गहू सडले' आणि 'आईचे गहू सडले'. सगळा संसार त्या विभक्तीवर.

शुद्धमती: कांडणं आणि सडणं एक नव्हे. भात कांडला की तांदूळ निघतो, तो सडला की पांढरा होतो. म्हणून तर 'असडीक'.

कृष्णाकाठ: आमच्याकडे दोन्हीला कांडणंच.

नवीपेठ: सडाफटिंगमधला 'सडा' हाच असेल का? टरफल गेलं, दाणा एकटा राहिला.

शुद्धमती: व्युत्पत्ती अशी चहा पिता पिता लागत नसते.

ठोकपीठ: चहा न पिता लावलेल्याही पाहिल्यात.

भाषांतरी: स्पेल्टकडे येऊ या का? पुढचं वाक्य आहे, पीठ लागेल तेवढंच दळा, नाहीतर 'रांत्सिग' होतं. 'खवट' लिहू ना?

कृष्णाकाठ: खवट शेंगदाणे, खोबरं, तेल. पीठ कडू होतं. बाजरीचं आठ दिवसांत.

शुद्धमती: पीठही खवटच. आणि आमच्याकडे 'खौट'.

नवीपेठ: पावसाळ्यात पुण्यात आधी पोरकिडे होतात, कडू व्हायची वेळच येत नाही. दाणे ठेवा, एरंडेल लावून.

कृष्णाकाठ: एरंडेल *लावत* नाहीत, चोळतात.

भाषांतरी: उद्या मजकूर द्यायचाय हो!

शुद्धमती: चोळतात औषध. गव्हाला एरंडेलाचा *हात* देतात.