सोयाबीनला चुलीची राख: पोटॅशची बॅग आणावीच कशाला?

वाशीमकर
पोटॅशची ५० किलोची बॅग घेतली तर त्यात पालाश (पिकाला लागणारं पोटॅश) ३० किलो. तोच पालाश चुलीतल्या राखेत असतो आणि आपण ती उकिरड्यावर फेकतो. एक टन सोयाबीनच्या दाण्यांसोबत २० किलोच्या आसपास पालाश शेतातून जातो. तो परत कोण देणार? माझं म्हणणं, पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची), तुराट्यांची राख पेरणीआधी फेका आणि बॅग विसरा.

काळी_माती_परभणी
भाऊ, तुमची जमीन कोणती ते सांगा आधी. आमच्या चुनखडीच्या भारी काळ्या रानात सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, सातच्या वर विम्ल, खाली आम्ल) आठच्या वर आहे. राख म्हणजे मुख्यतः चुनाच, पालाश त्यात थोडा. अशा रानात सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचं झालं की शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण सामू चढल्यामुळे मुळांना उचलता येत नाही. त्यात वरून आणखी राख? शिवाय काळ्या मातीत पालाश मुळातच बरा असतो.

वाशीमकर
बरा असतो म्हणून वर्षानुवर्षं नुसता काढतच राहायचा काय? आणि आमच्या आजीनं परसातल्या वांग्याला जन्मभर राख घातली, एक झाड पिवळं पडलं नाही.

काळी_माती_परभणी
परसात शेणखत किती पडतं आणि शेतात किती, तेही सांगा.

आजरेकर_ताई
तुम्ही दोघं काळीवरच भांडताय. आमच्याकडं तांबडी जांभ्याची माती, पाऊस धो धो, चुना सगळा धुऊन जातो. सामू साडेपाचच्या आसपास. तिथं राखेचा गुण दिसतो. आम्लता उतरली की अ‍ॅल्युमिनियमचा मुळांना होणारा त्रास कमी होतो, अडकलेला स्फुरद (फॉस्फरस) थोडा मोकळा होतो आणि मॉलिब्डेनम हे सूक्ष्मद्रव्य मिळू लागल्यानं मुळांवरच्या, हवेतला नत्र (नायट्रोजन) धरणाऱ्या गाठी नीट काम करतात. ब्राझीलच्या सेराडो या गवताळ प्रदेशात सोयाबीन पिकू लागलं ते आम्ल मातीत आधी चुना घातल्यावरच. पालाशाच्या हिशोबात पडू नका, आमच्यासाठी राख हा फुकटचा चुना आहे. मात्र ताकद चुन्याच्या भुकटीच्या निम्मीच धरा.

हिशोबी_अकोला
फुकट म्हणे! लाकडाच्या राखेत पालाश ५ टक्के धरा. एका बॅगेच्या बरोबरीला ६०० किलो राख लागेल. पऱ्हाटीची राख वजनाच्या ५ टक्के पडली तर १२ टन पऱ्हाटी जाळावी लागेल, म्हणजे कित्येक एकरांची. त्यातला नत्र धुरात, गंधकही बराचसा गेला, आणि सेंद्रिय कर्ब तर सगळाच. आपल्या रानात कमी आहे तो कर्बच.

वाशीमकर
गुलाबी बोंडअळी या कपाशीच्या किडीपायी पऱ्हाटी शेतात ठेवता येत नाही, ते विसरलात?

हिशोबी_अकोला
ठेवू नका. उपटून, श्रेडरनं बारीक करून कुजवा. ज्यांच्या घरी चूल पेटतेच त्यांनी ती राख वापरावी, मी नाही म्हणत नाही. राखेसाठी जाळायला माझा विरोध.

बीजप्रक्रिया_लातूर
एक सांगतो, मग भांडा. रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) लावलेल्या बियाण्याला राख चोळू नका, जिवाणू टिकणार नाहीत. युरिया, डीएपी या खतांतही मिसळू नका, अमोनिया उडून जातो. टाकायचीच तर पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी, वारा नसताना, आणि लगेच वखराची पाळी. राईस मिलची तुसाची राख म्हणजे जवळजवळ नुसती सिलिका, तिच्यात पालाश शोधू नका. वीजकेंद्राची कोळशाची राख तर या चर्चेत आणूच नका.

आजरेकर_ताई
वाशीमकर दादा, माती तपासली का? सामू किती?

वाशीमकर
८.२. पण म्हणून पालाश नको असं कुठं लिहिलंय?

आजरेकर_ताई
पालाश घ्या की, बॅगेतला घ्या. राख पोत्यात भरून आमच्याकडं पाठवा.

वाशीमकर
गाडीभाडं तुमचं असेल तर उद्याच भरतो.